सहा टक्क्यांचा हिशेब आणि सह्याद्रीतील वाडीची शाळा

एखाद्या देशाने आपल्या उत्पन्नाचा किती भाग सार्वजनिक शिक्षणावर खर्च करावा, या प्रश्नाचे भारतातील रूढ उत्तर 'सहा टक्के' असे आहे. अर्थसंकल्पाच्या दिवसांत हा आकडा दरवर्षी चर्चेत येतो, त्याची आणि प्रत्यक्ष तरतुदीची तुलना होते आणि पुढच्या वर्षापर्यंत तो पुन्हा बाजूला पडतो. हा आकडा कोठून आला, तो नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याची माहिती मात्र फारशी दिली जात नाही. या विषयाचा विचार करण्यासाठी रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके विशेष उपयुक्त ठरतात. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक हक्क यांचे नाते महाडच्या इतिहासात ठळकपणे पुढे आले. पोलादपूरच्या डोंगरातील वाड्यांवर तेच नाते आज पटसंख्येच्या कसोटीला लागले आहे.

टक्केवारी म्हणजे काय?

शिक्षणखर्चाची टक्केवारी हा एक साधा अपूर्णांक आहे. अंशस्थानी केंद्र, राज्ये आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांनी वर्षभरात शिक्षणावर केलेला खर्च असतो. त्यात शिक्षकांचे वेतन, इमारती, पाठ्यपुस्तके, शिष्यवृत्त्या, विद्यापीठांची अनुदाने आदी बाबी येतात. छेदस्थानी देशाचे त्या वर्षीचे एकूण उत्पन्न असते. पूर्वी त्यासाठी राष्ट्रीय उत्पन्न धरले जाई, आता सर्वसाधारणपणे सकल देशांतर्गत उत्पादन धरले जाते. पालकांनी भरलेले शुल्क, शिकवणीचा खर्च किंवा गावकऱ्यांनी वर्गणी काढून घातलेले शाळेचे छप्पर यांचा या अंशात समावेश होत नाही.

या अपूर्णांकाचा उपयोग मुख्यतः एका गोष्टीसाठी होतो. समाज आपल्या कमाईतून पुढच्या पिढीसाठी किती बाजूला काढतो, याचा तो निर्देशक आहे. श्रीमंत देश आणि गरीब देश यांच्या खर्चाची रुपयांत तुलना करणे निरर्थक ठरते, परंतु दोघांनी आपापल्या ऐपतीच्या मानाने किती झळ सोसली हे टक्केवारीवरून कळते. मात्र तिची मर्यादाही याच रचनेत आहे. छेद लहान झाला तरी टक्केवारी वाढते. २०२०-२१ मध्ये करोनाच्या साथीमुळे देशाचे उत्पन्न आक्रसले होते. अशा वर्षी शाळांवर एक रुपयाही जास्त खर्च झाला नाही तरी शिक्षणाचा वाटा वाढल्याचे दिसते. उलट उत्पन्न झपाट्याने वाढत असेल, तर शिक्षणावरील रक्कम वाढूनही वाटा घटतो. म्हणून टक्केवारी वाचताना अंश आणि छेद दोन्ही तपासणे आवश्यक असते.

उत्पन्नाच्या वाट्याचा जुना मराठी वाद

सरकारने जनतेकडून घेतलेल्या पैशाचा कोणता भाग जनतेच्या शिक्षणासाठी परत द्यावा, हा वाद महाराष्ट्रात सहा टक्क्यांच्या आकड्याहून बराच जुना आहे. मुंबई इलाख्यात १८६३ पासून जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा स्थानिक उपकर घेतला जाऊ लागला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी राखला गेला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी याच हिशेबावर बोट ठेवले. सरकारी महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो, मात्र शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणीही त्यांनी त्याच निवेदनात केली होती.

पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदे कौन्सिलात मांडले. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. सरकारी बाजूच्या आक्षेपांत खर्चाचा मुद्दा प्रमुख होता. 'पैसा कोठून आणावयाचा' हा प्रश्न तेव्हापासून भारतीय शिक्षणाची सावलीसारखी सोबत करीत आला आहे.

महाड, मार्च १९२७

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, विहिरी व धर्मशाळा ही ठिकाणे, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुली असावीत, असे त्यात म्हटले होते. या ठरावातील तर्क महत्त्वाचा आहे. जी वस्तू सर्वांच्या पैशावर चालते, ती सर्वांची असते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये या ठरावानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्यावर प्रत्यक्ष पाणी भरणे मात्र तरीही शक्य झाले नाही.

शाळेची स्थिती फार वेगळी नव्हती. महाड परिषदेच्या आयोजनात पुढाकार घेणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे दासगाव परिसरात वाढले. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी त्यांना लहान वयात वृत्तपत्राकडे दाद मागावी लागली होती.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. हा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याच्या बरोबर आठवडाभर आधी, १२ मार्च १९२७ रोजी, आंबेडकरांनी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केले, ही गोष्ट तितकीशी परिचित नाही. त्या भाषणात त्यांनी मांडलेला हिशेब आजच्या चर्चेतही लागू पडावा असा आहे. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी करापोटी लोकांकडून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, असे त्यांनी दाखवून दिले. मद्यावरील करातून जेवढे घेतले जाते, तेवढे तरी शिक्षणावर खर्च व्हावे, ही त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली पुन्हा निरक्षरतेकडे वळतात, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. शिक्षण खाते हे दिले-घेतले बरोबर करण्याचे खाते नव्हे, शिक्षण शक्य तितके स्वस्त असले पाहिजे, असे प्रतिपादन त्यांनी केले.

आठ दिवसांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांत एकच सूत्र आहे. कौन्सिलात प्रश्न होता सार्वजनिक पैसा किती, आणि महाडात प्रश्न होता तो पैसा कोणाचा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर टक्क्यांत देता येते, दुसऱ्याचे देता येत नाही. शिक्षणखर्चाची कोणतीही चर्चा या दोन्ही प्रश्नांना एकत्र धरल्याशिवाय पूर्ण होत नाही.

नाते गावापासून कोठारी आयोगापर्यंत

महाड तालुक्याचा या विषयाशी आणखी एक धागा जुळलेला आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळात केंद्रीय अर्थमंत्री राहिलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १८९६ मध्ये रायगड किल्ल्याच्या वाटेवरील नाते या गावी झाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या काळात देशाचा जमाखर्च त्यांच्या हाती होता. अर्थमंत्रिपद सोडल्यावर १९६१ पर्यंत ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळलेला गृहस्थ पुढे शिक्षणासाठी अनुदाने वाटण्याच्या कामी लागला, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

त्यानंतर १९६१ मध्येच आयोगाची धुरा डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्याकडे आली. त्यांच्याच अध्यक्षतेखाली १९६४ मध्ये शिक्षण आयोग नेमला गेला. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातील शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. आयोगाचा अहवाल १९६६ मध्ये सादर झाला. १९५०-५१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.२ टक्के असलेला शिक्षणखर्च १९६५-६६ मध्ये २.९ टक्क्यांवर आला होता. तो १९८५-८६ पर्यंत ६ टक्क्यांवर न्यावा, असे आयोगाने सुचविले. दरडोई शिक्षणखर्च या वीस वर्षांत १२ रुपयांवरून ५४ रुपयांवर जाईल, असा अंदाज त्यामागे होता.

सहा टक्के हा आकडा आयोगाने हवेतून काढलेला नव्हता. राष्ट्रीय उत्पन्न दरवर्षी ६ टक्क्यांनी आणि लोकसंख्या २.१ टक्क्यांनी वाढेल, असे गृहीत धरून किती मुलांना कोणत्या पातळीपर्यंत शिक्षण द्यावयाचे आणि त्यासाठी किती शिक्षक लागतील, याचा हिशेब त्यामागे होता. म्हणजे आधी गरज मोजली गेली आणि नंतर टक्केवारी निघाली. पुढील काळात हा क्रम उलटला. गरज मोजणे मागे पडले आणि टक्केवारी तेवढी घोषणा म्हणून शिल्लक राहिली.

सहा टक्क्यांची आजची स्थिती

१९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहा टक्क्यांचे उद्दिष्ट स्वीकारले. १९८६ च्या धोरणाने ते पुन्हा मांडले. २०२० च्या धोरणानेही त्याचाच पुनरुच्चार केला. २००४ मध्ये केंद्रीय करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसविण्यात आला. २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी १ टक्का वाढविण्यात आला आणि २०१८ मध्ये या दोहोंऐवजी ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आला. तरीही उद्दिष्ट गाठले गेलेले नाही.

आज प्रत्यक्ष वाटा किती, याची दोन उत्तरे मिळतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या विश्लेषणात अन्य खात्यांमार्फत शिक्षण व प्रशिक्षणावर होणारा खर्चही धरला जातो आणि त्यानुसार वाटा साडेचार टक्क्यांच्या आसपास जातो. केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालातील मोजणी अधिक काटेकोर असून त्यानुसार तो अलीकडच्या वर्षांत तीन टक्क्यांच्या आत राहिला आहे. एकाच देशाबद्दलचे हे दोन आकडे परस्परविरोधी नाहीत. अंशात काय धरले, एवढाच त्यांत फरक आहे. चर्चेत मात्र ज्याला जो सोयीचा तो आकडा पुढे केला जातो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर २०१५ च्या इंचिऑन जाहीरनाम्यास अनुसरून आखलेल्या कृती-आराखड्यात सकल उत्पादनाच्या किमान ४ ते ६ टक्के, किंवा एकूण शासकीय खर्चाच्या किमान १५ ते २० टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, असे म्हटले आहे. महाराष्ट्राचा शिक्षणावरील खर्च रुपयांत मोठा असला, तरी राज्याचे उत्पन्न त्याहून मोठे आहे. त्यामुळे राज्य उत्पन्नाशी त्याचे प्रमाण अलीकडच्या काळात तीन टक्क्यांच्या आतच राहिले आहे.

लहान देशाचे गणित आणि लहान शाळेचे गणित

जगातील अनेक लहान देश मोठ्या देशांच्या तुलनेत उत्पन्नाचा मोठा वाटा शिक्षणावर खर्च करताना दिसतात. आपल्या शेजारचा भूतान हे त्याचे उदाहरण आहे. आठ लाखांहून कमी लोकसंख्या असलेल्या या डोंगरी देशाच्या राज्यघटनेने दहावीपर्यंतचे शिक्षण मोफत देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. गेल्या दोन दशकांत बहुतेक वर्षी भूतानचा शिक्षणखर्चाचा वाटा भारताहून अधिक राहिला आहे. याचे श्रेय धोरणाला आहेच, परंतु त्यामागे भूगोलही आहे. वस्ती विखुरलेली असली की शाळा लहान होतात, शिक्षकामागे मुले कमी येतात, निवासी सोय करावी लागते आणि साहित्य पोहोचविण्याचा खर्च वाढतो. शाळेचे काही खर्च असे असतात की मुले आठ असोत वा साठ, ते फारसे बदलत नाहीत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दोन शिक्षकांच्या शाळेचा वार्षिक वेतनखर्च १२ लाख रुपये आहे, असे समजू. पट ६० असेल तर दरमुलामागे २० हजार रुपये पडतात. पट ८ असेल तर तोच आकडा दीड लाख होतो. शिक्षक तेच, फळा तोच, पाठ्यपुस्तकही तेच, फक्त भागाकार बदलला. या भागाकाराकडे पाहून दुसरी शाळा 'महाग' ठरविली जाते. पण तेथील आठ मुलांना पहिल्या शाळेतील मुलांपेक्षा अधिक काही मिळालेले नसते. डोंगरात राहण्याची ती किंमत आहे. ती कोणी सोसावयाची, शासनाने की सहा वर्षांच्या मुलाने, एवढाच खरा प्रश्न आहे.

पोलादपूर तालुक्याला हे गणित तंतोतंत लागू पडते. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४५ हजार आणि महाड तालुक्याची सुमारे १ लाख ८० हजार होती. एका बाजूला महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी घाट, दुसऱ्या बाजूला कशेडी घाट आणि मधून सावित्रीचे खोरे, अशी पोलादपूरची रचना आहे. महसुली गाव एक असले तरी त्याच्या वाड्या, कोंड आणि धनगरवाडे डोंगराच्या उतारांवर दूरदूर पसरलेले असतात. नकाशावर एक किलोमीटर दिसणारे अंतर पावसाळ्यात मध्ये वाहणाऱ्या वहाळामुळे ओलांडता येत नाही. महाड तालुक्यातील रायगडाच्या परिसरात आणि वरंध घाटाकडील गावांतही हीच स्थिती आढळते.

सरासरीची फसगत

राज्यात दरडोई उत्पन्नाच्या क्रमवारीत रायगड हा वरच्या जिल्ह्यांत गणला जातो. पनवेल परिसराचे शहरीकरण, उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदर, अलिबागजवळील थळ येथील खत कारखाना आणि अन्य औद्योगिक वसाहती यांचे उत्पन्न जिल्ह्याच्या खात्यावर जमा होते. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांचे उत्पादनही त्यात येते. या सरासरीतून पोलादपूरच्या वाडीचे चित्र दिसत नाही. तेथे पावसाळी भात आणि नाचणी यांच्या जोडीला घरातील कर्त्या माणसाने मुंबईहून पाठविलेले पैसे, हीच पिढ्यान्‌पिढ्या अर्थव्यवस्था राहिली आहे. या दोन्ही तालुक्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक आहे, ती या स्थलांतराचीच खूण होय.

यातून एक विपरीत चक्र निर्माण होते. रोजगारासाठी आधी पुरुष मुंबईस जातात, मग शिक्षणासाठी कुटुंब जाते. कुटुंब गेले की शाळेचा पट घटतो. पट घटला की शिक्षक कमी होतो, आणि शिक्षक कमी झाला की मागे राहिलेली कुटुंबेही जाण्याचा विचार करू लागतात. अखेरीस मागे राहतात ती ज्यांना मुंबईत खोली परवडत नाही अशा घरांची मुले. कातकरी वाड्यांतील मुलांची स्थिती याहून बिकट असते. भातकापणीनंतर वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांकडे कुटुंबे निघाली की हजेरीपटावर नाव राहते, मूल राहत नाही. म्हणजे घटलेला पट हा गरज कमी झाल्याचा पुरावा नसून, उरलेल्यांची गरज अधिक तीव्र असल्याचा पुरावा असतो.

पैसा वाडीपर्यंत कसा पोहोचतो?

महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे आला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणून ओळखला जातो. शिक्षकांचे वेतन राज्य शासनाच्या अनुदानातून अलिबागच्या जिल्हा परिषदेमार्फत होते. तालुक्याला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, त्याखाली केंद्रप्रमुख आणि मग मुख्याध्यापक, अशी उतरंड आहे. शिक्षणखर्चाचा फार मोठा भाग वेतनावर जातो आणि ते स्वाभाविकही आहे, कारण शाळा म्हणजे प्रथमतः शिक्षक.

वेतनाव्यतिरिक्तच्या खर्चासाठी २००१ पासून सर्व शिक्षा अभियानातून आणि २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेतून निधी येतो. महाराष्ट्रात त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. या योजनेतील संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरते. ३० पर्यंत पट असलेल्या शाळेस वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे १ लाख रुपये अशी त्याची कमाल मर्यादा आहे. १० हजार रुपयांत वर्षभराचे वीजबिल, खडू-कागद, स्वच्छतागृहाची निगा आणि किरकोळ दुरुस्ती भागवावी, अशी अपेक्षा असते. दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या कौलारू छपराला मात्र पट किती आहे हे कळत नाही. त्याची गळती आठ मुलांच्या शाळेतही तेवढीच असते.

येथे निसर्गाची जोखीमही ध्यानात घ्यावी लागते. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाडमधील तळिये आणि पोलादपूरमधील केवनाळे व साखर येथे पुन्हा तेच घडले. महाड शहरास सावित्री आणि गांधारी यांच्या पुराचा वेढा पडतो, तो वेगळाच. अशा प्रदेशात शाळेची भक्कम इमारत हा केवळ शैक्षणिक खर्च राहत नाही. संकटात गावाला एकत्र येण्यासाठी अनेकदा तेवढीच सार्वजनिक वास्तू जवळ असते.

शासकीय निधी अपुरा पडतो तेव्हा ती उणीव गावे भरून काढतात. मुंबईत स्थायिक झालेल्या चाकरमान्यांची ग्रामविकास मंडळे वर्गणी काढून संगणक, बाके, दप्तरे देतात, छप्पर शाकारतात. ही परंपरा अभिमानास्पद आहे. परंतु ज्या गावाचे मुंबईतील मंडळ सबळ, त्याची शाळा चांगली आणि कातकरी वाडीला मंडळच नाही म्हणून तिची शाळा तशीच, अशी विषमता त्यातून निर्माण होते. लोकसहभाग सार्वजनिक खर्चाला पूरक ठरू शकतो, त्याची जागा घेऊ शकत नाही.

पटसंख्येची कसोटी

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क दिला. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, हा त्याच्या अंमलबजावणीचा निकष झाला. ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक, असे प्रमाण कायद्याच्या अनुसूचीत आहे. त्याआधी शतकाच्या आरंभी सर्व शिक्षा अभियानातून महाराष्ट्रात वस्तीशाळा सुरू झाल्या होत्या. ज्या वाडीला शाळा नव्हती तेथे स्थानिक तरुण-तरुणी अल्प मानधनावर मुलांना शिकवीत. तो काळ शाळा मुलाकडे नेण्याचा होता.

त्यानंतर दिशा बदलली. डिसेंबर २०१७ मध्ये दहा किंवा त्याहून कमी पट असलेल्या राज्यातील सुमारे १३०० शाळा जवळच्या शाळांत समाविष्ट करण्याचा निर्णय जाहीर झाला आणि त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पर्यंत पट असलेल्या शाळांऐवजी 'समूह शाळा' उभारण्यासाठी प्रस्ताव मागविण्यात आले. तेव्हा समोर आलेल्या माहितीनुसार अशा शाळांची संख्या राज्यात १४,७८३ आणि त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे १ लाख ८५ हजार होती. म्हणजे सरासरी प्रत्येक शाळेत साडेबारा मुले. आकड्यांच्या दृष्टीने या शाळा किरकोळ वाटतात, परंतु त्यांतील मुलांची एकत्रित संख्या महाड तालुक्याच्या संपूर्ण लोकसंख्येएवढी भरते.

समूह शाळेच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पाच मुलांच्या शाळेत समवयस्कांची संगत मिळत नाही, खेळाचा संघ होत नाही, एक-दोन शिक्षकांना सर्व इयत्ता एकत्र शिकवाव्या लागतात. मोठ्या शाळेत ग्रंथालय, प्रयोगशाळा, विषयवार शिक्षक देता येतात. सपाट प्रदेशात, चांगल्या रस्त्यावर आणि भरवशाच्या वाहनासह हा पर्याय लाभदायकही ठरू शकतो. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत प्रवास देणाऱ्या अहिल्याबाई होळकर योजनेने हे दाखवून दिले आहे की, प्रवासाची सोय झाली तर मुली दूरच्या शाळेपर्यंत जातात.

परंतु सहा वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी आहे. जेथे एसटी मुख्य रस्त्यावरच थांबते आणि पुढे डोंगरातून पायवाट आहे, तेथे वाहतूक भत्ता कागदावर मिळाला तरी वाहन मिळेलच असे नाही. अशा ठिकाणी शाळा बंद केल्याने खर्च वाचत नाही, तो अंशातून निघून कुटुंबाच्या माथ्यावर जातो. आईचा बुडालेला रोज, मुंबईतील भाड्याची खोली किंवा शाळाच सोडून दिलेले मूल, या रूपांत तो चुकता होतो. शासकीय हिशेबात तो दिसत नाही एवढेच.

मग काय मोजावे?

सहा टक्क्यांचे उद्दिष्ट सोडून द्यावे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. समाजाने आपल्या कमाईतून मुलांसाठी किती काढले, हे सांगणारी दुसरी इतकी सोपी मोजपट्टी नाही. मात्र तिच्यासोबत आणखी तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. पहिली, दरमुलामागे होणारा खर्च, आणि तोही डोंगरी, आदिवासी व सपाट प्रदेशांसाठी वेगवेगळा काढलेला. दुसरी, तरतुदीपैकी प्रत्यक्ष शाळेपर्यंत वेळेवर पोहोचलेली रक्कम, कारण मार्चअखेरीस आलेले अनुदान जूनमधील गळती थांबवीत नाही. तिसरी, मुलाच्या घरापासून शाळेपर्यंतचे पावसाळ्यातील पायी अंतर. हे शेवटचे माप कोणत्याही अर्थसंकल्पात नसते, परंतु वाडीतल्या मुलाचे शिक्षण त्यावरच अवलंबून असते.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचे कामही याच समितीकडे आहे. शासनाने कोठारी आयोगाप्रमाणे आधी गरज मोजून मग रक्कम ठरवावयाची असेल, तर ती मोजणी या समित्यांपासून सुरू होऊ शकते. कोणत्या वाडीतून किती मुले येतात, कोणता वहाळ किती दिवस अडवितो, कोणते कुटुंब कोणत्या महिन्यात भट्टीवर जाते, याची माहिती मंत्रालयापेक्षा त्यांना अधिक आहे.

चवदार तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल मुंबई उच्च न्यायालयाने मार्च १९३७ मध्ये सत्याग्रहींच्या बाजूने दिला. सत्याग्रहानंतर दहा वर्षे लोटली होती. तळे तेच होते, पाणीही तेच होते. ते सर्वांचे आहे, हे मान्य होण्यास तेवढा काळ लागला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळेबाबतही तेच तत्त्व आहे. महाडच्या भर वस्तीतील मुलाचा तिच्यावर जेवढा हक्क आहे, तेवढाच पोलादपूरच्या शेवटच्या वाडीतील मुलाचाही आहे, आणि तेथे त्या हक्काचा भागाकार आठने होतो की साठने, यावरून तो कमी-अधिक होत नाही.